हलीम या नामाचा अर्थ आणि पुंजाजीची मेंढरे

सुज्ञ वाचकहो, एखाद्या अरबी नामाचा अर्थ जाणणारा मनुष्य शेजाऱ्यास संकटसमयी केवढे साहाय्य करू शकतो, हे प्रस्तुत लेखात साद्यंत निवेदन केले जाईल. सदर मनुष्य म्हणजे मीच. आमच्या गोरेगावात उर्दूच्या तीन इयत्ता उत्तीर्ण झालेला दुसरा कोणी नाही.

आमचे शेजारी पुंजाजी धनगर यांच्या मेंढ्या पाटलाच्या ज्वारीत शिरल्या, म्हणून त्या कोंडवाड्यात पडल्या. कोकरे घरी राहिली आणि दुधावाचून आक्रोश करू लागली. त्याच दिवशी नवे तहसीलदारसाहेब चावडीत मुक्कामास आले. नाम अब्दुल हलीम.

"पुंजाजी, दैव उघडले तुझे," मी म्हणालो. "हलीम म्हणजे सहनशील. अशा पुरुषापुढे घाई करणे हा त्या नामाचा अपमान होय. सर्व हकीकत मुळापासून सांग."

"किती मुळापासून?"

"आजोबापासून."

"भावजी, तवर कोकरं मरतीन," त्याची पत्नी भागाबाई म्हणाली. मी तिच्या अज्ञानाची कीव केली.

हलीम नामाचा अर्थ गावभर पसरला. सोनाजी बांधाचे भांडण घेऊन आला, मनकर्णाबाई सुनेचे. रांग मारुतीच्या पारापर्यंत गेली. पुंजाजी सर्वांपुढे होता. त्याने आजोबांच्या पहिल्या मेंढीपासून प्रारंभ केला, आणि भर दुपारी तो आजोबांच्या दुसऱ्या लग्नापर्यंत पोहोचला. साहेबांचे मुख भट्टीतल्या विटेसमान झाले.

"मतलब की बात बोलो," ते म्हणाले.

"थांबू नकोस," मी मागून धीर दिला. "आत्ता कुठे सहनशीलता कामी लागली आहे."

"ये कौन सिखा रहा है?"

मी पुढे झालो, लवून आदाब केला आणि साहेबांना त्यांच्याच नामाचा अर्थ समजावून सांगितला.

"मियाँ," साहेब हळूच म्हणाले, "हलीम तो अल्लाह है. मैं अब्दुल हलीम, उस हलीम का बंदा. और बंदे की बर्दाश्त अब ख़त्म हुई."

इतक्यात भागाबाई कोकरू काखेत घेऊन पुढे सरली. "साहेब, कोकरांच्या माया कोंडवाड्यात, लेकरं घरी. यांना दूध कोनं पाजावं?"

"बस, इतनी सी बात?" साहेबांनी शिपायाला हाक मारली. मेंढ्या तत्काळ सुटल्या.

परतताना मी म्हणालो, "भागाबाई, नामाचा अर्धा भाग, अब्दुल म्हणजे दास, तेवढा माझ्याकडून राहिला. बाकीचा अर्थ बरोबर होता."

"असू द्या भावजी. तुमचं नाव ज्ञानबा हाय, आमी कधी अर्थ इचारला का?"

येथवर धीर धरल्याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
ज्ञानबा
(अर्थ न विचारण्याची कृपा व्हावी.)