नागोजीरावांची ओ

नागोजीराव मधूनच 'ओ' म्हणतात. आता यात सांगण्यासारखं काय, हाक मारली की माणूस ओ देणारच. सांगण्यासारखं एवढंच, की त्यांना कुणीही हाक मारलेली नसते.

आमची गेम बनवणारी छोटी कंपनी मैलापुरात आहे, एका भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चौदा माणसं, चौदा हेडफोन. सकाळी अकराच्या सुमारास सगळे मान खाली घालून बसलेले असतात, एसी घरघरत असतो, आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यातून आवाज येतो, "ओ." मोठ्यानं, स्वच्छ, आतल्या खोलीतून बायकोनं बोलावल्यावर द्यावी तशी. मग नागोजीराव पुन्हा कामाला लागतात. बाकीचे ढिम्म. आमच्या मॅनेजर चित्राला पहिल्या दिवशी मी विचारलं, तर ती म्हणाली, "राव सार तसेच आहेत. होईल सवय."

सवय कसली डोंबलाची! मी पडले कुडाळची. आमच्याकडे लहानपणापासून आईनं बजावलेलं, एका हाकेला ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तीनदा मारेल, ते दुसरं असेल तर एकदाच मारून गप्प बसेल. त्याला चुकून ओ दिलीत की संपलात. या नियमापायी मी शाळेत हजेरीला दोनदा गैरहजर लागले आहे. आणि इथे हा पन्नाशी उलटलेला, कपाळाला गंध लावलेला सज्जन माणूस न आलेल्या हाकेला बिनदिक्कत ओ देतोय. चौथ्या दिवशी मी माझी खुर्ची जिन्याजवळ हलवली.

"कां मा, भिलीस की काय?" त्यांनी येऊन विचारलं. "सुम्मा म्हटलों. कांही नाही."

सुम्मा म्हणजे उगीच. नागोजीराव तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. त्यांची मराठी ऐकताना मला वाटायचं, एखादी जुनी बखर उठून इडली खायला बसलीय. 'सगळे'ला ते 'अस्के' म्हणतात आणि माझ्या बोलण्याला हसतात. "तुझी मराठी फार घाईची, मा," म्हणतात.

कंपनीत त्यांचं काम एकच, बटणं. गेममध्ये पडद्यावर जे जे दाबता येतं, ते दाबल्यावर कसं वागेल हे नागोजीराव ठरवतात. आम्हा टेस्टर लोकांना आधी वाटायचं, यात ठरवायचं काय? बोट लावलं, दार उघडलं, झालं.

"नाही, मा. उघडणं मागून होईना कां. बटणाचं पहिलं काम ओ देणं." मग ते बोट टेबलावर टेकवून दाखवायचे. "बोट लागलं, ही हाक. आतां ओ येईस्तोवर मध्यें जो वेळ जातो ना, त्यांत माणूस एकला असतो. अगदी एकला. तो वेळ कमी करायचा, हेंच माझं अस्कं काम."

त्यांचं बटण बोट लागताक्षणी जरासं आत दबतं, रंग बदलतं, हातातला फोन हलकेच थरथरतो. बंद ठेवलेलं राखाडी बटणसुद्धा त्यांना गप्प चालत नाही. ते दाबलं तर मान हलवल्यासारखं इकडून तिकडे डुलतं. "नाही म्हणायलाही तोंड लागतं," असं त्यांचं म्हणणं. हे वेड ऑफिसपुरतं असतं तर ठीक होतं. खालच्या लिफ्टच्या बटणातला दिवा गेला, तेव्हा त्यांनी बटणाशेजारी तमिळमध्ये चिठ्ठी चिकटवली, 'हे ऐकतं, पण सांगत नाही.' तिसऱ्या मजल्यावरचा वकील ती वाचून महिनाभर जिन्यानं चढला. कॉफीच्या यंत्राचं बटण दाबल्यावर ते कान देऊन वाट बघतात, आणि यंत्र गुरगुरलं की समाधानानं मान डोलावतात.

तेव्हा आम्ही एक भीतीचा गेम करत होतो. ओसाड घर, खूप खोल्या, आणि दारं. प्रत्येक दार म्हणजे एक बटण. रोज सकाळी मी हेडफोन लावून एकेक दार दाबत जायची. एका दुपारी निळ्या खोलीत मला यादीत नसलेलं एक दार दिसलं. लहानसं, कोपऱ्यातलं. मी बोट लावलं. दार आत दबलं, फटीत पिवळा उजेड आला आणि माझ्या कानात अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "ओ."

आवाज नागोजीरावांचा होता. मी मागे वळून पाहिलं. त्यांची खुर्ची रिकामी होती, ते जेवायला खाली गेलेले. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले ते एखादा विंचू ठेवावा तसे.

मग मी नोंदी काढल्या. चाचणीच्या गेममध्ये कुणी कुठलं बटण कधी दाबलं, याची आमच्याकडे ओळन् ओळ नोंद होते. त्यात एक टॅब्लेट असा सापडला, की त्यावर महिनोन्‌महिने कुणी गेम खेळलंच नव्हतं. ना जिना चढलं, ना दिवा घेतला. फक्त ते एक दार दाबलेलं. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी एकदाच. त्या टॅब्लेटला नाव नव्हतं. मी ती यादी उघडी ठेवून बसले. अकरा वाजून काही मिनिटांनी पडद्यावर नवी ओळ उमटली, आणि त्याच क्षणी खिडकीजवळून आवाज आला, "ओ."

कोण मारतंय ही हाक? मी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि रागानंच विचारलं, "सार, त्या दारापलीकडे कोण आहे?"

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मंजुळा. माझी बायको."

मंजुळाबाईंना दोन वर्षांपूर्वी झटका आला. वाचा गेली, अंग गेलं. राहिलं डाव्या हाताचं एक बोट. दिवसभर तांबरमच्या घरात त्या खिडकीशी खुर्चीत बसून असतात, सोबतीला सेल्वी नावाची बाई असते. आधी त्यांची रीत अशी, की दर घटकेला "अहो" म्हणून हाक मारायची आणि यांनी ओ द्यायची. काम काहीच नसायचं. नुसती खात्री. म्हणून नागोजीरावांनी आमच्याच गेममध्ये ते दार करून तिच्या टॅब्लेटवर दिलं. तिनं दाबलं की आतून यांचा आवाज येतो आणि इकडे यांच्या पडद्यावर एक ठिपका पेटतो. "तिला सांगून ठेवलों आहें, ओ आली म्हणजे मी आहें. भिऊं नको."

"पण सार, तिकडे आवाज आपोआप येतो ना? मग तुम्ही इथे मोठ्यानं कशाला म्हणता? त्यांना थोडंच ऐकू जातं?"

"ती मला बोलावते, मा. यंत्रानं ओ दिली आणि मी दिलीच नाही, तर ती ओ खोटी होईल ना?"

मी खुर्ची परत जागेवर आणली. त्यानंतर त्यांनी 'ओ' म्हटलं की भीती वाटायची नाही. उलट वाटायचं, चला, तांबरमला सगळं ठीक आहे.

आणि तरीही घोळ मीच घातला. त्या बुधवारी नागोजीराव डोळे तपासायला रजेवर होते. बैठकीत चित्रा म्हणाली, गेम अजून पुरेसा भीतीदायक नाही. मी उत्साहानं आमच्याकडची तीन हाकांची गोष्ट सांगितली. एकदा दाबलं, गप्प. दोनदा दाबलं, गप्प. तिसऱ्यांदा दाबलं की दार ओ देईल. सगळे एकदम खूष! "सगळ्या दारांना लावा," असं मीच म्हणाले, माझ्याच तोंडानं. काम छोटं होतं, दुसऱ्या प्रोग्रामरनं संध्याकाळी उरकलं. टॅब्लेट नवी आवृत्ती आपोआप घेतात.

गुरुवारी अकरा वाजून गेले. साडेअकरा झाले. ऑफिसमध्ये एकेकानं हेडफोन काढायला सुरुवात केली. काय चुकतंय ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, पण सगळे खिडकीकडे बघत होते. बारा वाजता नागोजीराव उभे राहिले. "आज हाक नाही," म्हणाले. सेल्वीचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.

मी नोंदी उघडल्या. अकरा वाजून आठ मिनिटं, एक स्पर्श. उत्तर नाही. अकरा वीस, आणखी एक. उत्तर नाही. त्यानंतर काहीच नाही. दारानं ओ दिली नाही, म्हणून इकडे ठिपकाही पेटला नव्हता. एकदा बोट उचलायला त्यांना केवढे कष्ट पडतात, हे मला माहीत होतं. दोनदा त्यांनी बोलावलं, आणि माझ्या त्या नियमानं दोनदा त्यांना गप्प बसवलं. ओ आली म्हणजे मी आहें, असं सांगून ठेवलेलं. मग ओ आली नाही, म्हणजे काय झालं असं त्या बाईला वाटलं असेल? मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

टॅक्सीत बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते फक्त म्हणाले, "म्हणजे तिनं हाक मारली होती."

तांबरमच्या घराचं दार लोटलेलं होतं. सेल्वी फोन घरीच ठेवून इडलीचं पीठ दळायला गेली होती. आत सामसूम. मंजुळाबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, बोट टॅब्लेटच्या काचेवर टेकलेलं, डोळे उघडे आणि दाराकडे. हलत नव्हत्या. क्षणभर मला वाटलं, आपण उशीर केला.

मग त्यांनी नवऱ्याला पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जी भीती आली ती मी विसरणार नाही. घाबरल्या त्या. गेलेला माणूस भरदुपारी दारात उभा राहिल्यावर माणूस जसा घाबरेल, तशा.

नागोजीराव खाली बसले आणि त्यांनी आपला हात तिच्या बोटाखाली ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग ते बोट हललं. तिनं मनगटावर दाबून पाहिलं.

"आहें ग," ते म्हणाले. "आहें मी."

तिनं पुन्हा दाबलं. "आहें." पुन्हा. "आहें, मंजू." दिवसाला पाच-सहाच्या वर ज्यांना जमत नाही, त्या बाईनं त्या दुपारी किती वेळा दाबलं मी मोजलं नाही. सेल्वी आली, कॉफी करून घेऊन आली, ती तशीच गार झाली. मधेच मी टॅब्लेटवर जुनी आवृत्ती चढवून दार पहिल्यासारखं करून दिलं आणि त्यांच्यासमोर धरलं. मंजुळाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नागोजीरावांनी चित्राला फोन केला आणि यापुढे घरूनच काम करीन म्हणून सांगितलं. तिनं फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "हरकत नाही, सार. पण किती दिवस?"

"ती बोलावते तोंवर," ते म्हणाले.