कांताताईंची पापं

कांताताई झाडे यांनी आयुष्यात एकदाही बिडी ओढलेली नाही, हे मी सुरुवातीलाच शपथेवर सांगून टाकते. कारण वर्धा जिल्ह्यातल्या बऱ्याच पोरांची पक्की खात्री याच्या उलट आहे. त्यांनी मोहाची दारू प्यायलेली नाही, दातांना नस म्हणजे तंबाखूची पूड घासलेली नाही, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी खर्रा खाऊन, चक्कर येऊन, विहिरीच्या काठावर पडलेल्याही नाहीत. आपण हे सगळं केलं, असं त्यांनीच लोकांना सांगितलेलं आहे. सांगत असताना मी शेजारी बसलेली असायची, टॅब मांडीवर घेऊन, हसू दाबायची पराकाष्ठा करत.

आमचं काम असं. साखर, दमा, फिट, सिकलसेल असे जन्माला चिकटलेले आजार असलेली शाळाकॉलेजातली मुलं व्यसनाकडे वळतात का, आणि वळली तर त्यांच्या औषधाचं काय होतं, याचा अभ्यास. मी समाजकार्य शिकलेली, म्हणून प्रश्न विचारणार. कांताताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्सबाई, म्हणून सुई टोचून साखर तपासणार. कामाची वाटणी कागदावर इतकी स्पष्ट होती. पण कांताताई गप्प बसतील अशी वाटणी अजून कोणाला जमलेली नाही.

ठेंगणी मूर्ती, सुती पातळ, हातात पुरुषी घड्याळ, खांद्याला भलीमोठी पर्स आणि बाराही महिने छत्री. छत्री उन्हासाठी नाही, पावसासाठी नाही, कुत्र्यांसाठी. एसटीत कंडक्टरला त्या 'बाबू' म्हणतात, ड्रायव्हरला 'भाऊ' म्हणतात आणि मला, मी पाय पुढे टाकायच्या आत, "चाल व, झोपली का?" असं म्हणतात. मी नियमाने चालणारी बाई. आमची जोडी म्हणजे एका गाडीला घोडा आणि म्हैस जुंपल्यासारखी. त्यातली म्हैस कोण, यावर आमचे मतभेद आहेत.

पहिल्याच आठवड्यात आमची फजिती झाली. प्रश्नावली वरून आली होती, आणि वरून येणाऱ्या मराठीत आली होती. "आपण धूरविरहित तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता काय?" अल्लीपूरला मी हा प्रश्न एका सोळा वर्षांच्या मुलाला अगदी शुद्ध उच्चारात वाचून दाखवला. तो गोंधळला. दारामागून त्याची आजीच ओरडली, "हाव बाई, भेटली नं! मागच्या सालीच भेटली. पन सिलिंडर लय महाग पडते, म्हून अजून चुलीवरच करतो." तिने धूरविरहित एवढंच ऐकलं होतं, आणि धूरविरहित म्हटलं की त्या घराला एकच गोष्ट माहीत होती, सरकारी योजनेतली गॅसची शेगडी. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. एका काकांनी तर मला रिकामी शेगडी उचलून दाखवली आणि फोटो काढा म्हणाले.

"टॅब ठेव थो," चौथ्या घरी कांताताई म्हणाल्या. त्यांनी तिथल्या पोराकडे वळून सरळ विचारलं, "खर्रा खाते का रे?"

पोराने हनुवटी वर केली, तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडता येत नव्हतं, कारण ते भरलेलं होतं. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर जे मिळतं त्याला खर्रा म्हणतात, आणि खर्रा म्हणजे तंबाखू असं कोणी मानत नाही. तंबाखू वेगळी. खर्रा म्हणजे नुसता शौक.

तिथे कांताताईंनी आपलं पहिलं पाप केलं. खाट ओढून त्या पोराजवळ बसल्या, शपथेसाठी गळ्याला हात लावला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाहा, आधी मी सांगतो. मी नववीत होतो तवा बापाची बिडी चोरून ओढली. संडासात. खोकून खोकून जीव गेलता माहा. आता तू सांग."

पोराचे डोळे विस्फारले. तो बाहेर जाऊन थुंकून आला आणि भडाभडा बोलू लागला. दमा होता त्याला. फवाऱ्याचा पंप मित्रांसमोर ओढायची लाज वाटते, पण खर्रा सगळ्यांसमोर खाता येतो, असं तो म्हणाला. हे वाक्य आमच्या अभ्यासात फार मोलाचं ठरलं.

परतताना मी विचारलं, "ताई, खरंच ओढली होती?"

"छी! बाप माहा माळकरी होता. बिडी कुठून येईन?"

"मग?"

"फुकट कोनी खरं सांगत नसते, बाई. गुपिताले गुपित द्या लागते."

"शपथ घेऊन सांगितलंत तुम्ही."

"देवाची नाई घेतली. थो ऐकून घेते. गळ्याची घेतली."

त्यानंतर गिऱ्हाईक पाहून पाप निघू लागलं. दारूची चव घेतलेला पोरगा असला की मोहाची, नस घासणारी पोरगी असली की नस. खर्रा तर रोजचाच. प्रत्येक गोष्टीत नवा तपशील, नवा मामा, नवी विहीर. मला खरंच मजा यायची. रागही यायचा, कारण मुलाखत घेणाऱ्याने स्वतःबद्दल काही बोलायचं नाही असा आमचा नियम, आणि तो मी त्यांना दर सोमवारी वाचून दाखवायची.

पण पाप लपत नाही म्हणतात, आणि न केलेलं पाप तर मुळीच लपत नाही. आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तळेगावला गेलो, तर एका घरचे आजोबा आमची वाटच पाहत होते. त्यांची सून अल्लीपूरची. त्यांनी आदराने खुर्च्या मांडल्या, मला चहा दिला, आणि कांताताईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "नर्सबाई, उन्हाच्या थकल्या असान. थोडीशी घेता का? घरची आहे, चांगली आहे." कोनाड्यातून बाटली निघालीसुद्धा होती.

"आज गुरुवार आहे माहा," असं म्हणून कांताताई उठल्या आणि छत्री विसरून चालू लागल्या. वार मंगळवार होता.

हे अभ्यास चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरसरांच्या कानावर गेलं. तरुण माणूस, पुण्याचा, शब्द जपून वापरणारा. त्यांनी आम्हा दोघींना बसवलं आणि रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. ते म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे मुलं बोलतात हे मला मान्य आहे. पण काल एक मुलगा स्वतःहून भेटायला आला. त्याने आयुष्यात खर्रा खाल्लेला नाही. तुम्हाला मात्र त्याने रोज खातो म्हणून सांगितलं. का, तर एवढ्या मोठ्या नर्सबाईंनी खाल्ला आणि आपणच मागे राहिलो, असं नको वाटायला."

कांताताईंनी हातातलं घड्याळ फिरवलं. मग म्हणाल्या, "सर, बरोबर आहे तुमचं. आजपासून एकबी खोटं पाप नाई सांगनार."

आणि त्यांनी शब्द पाळला. तोंड उघडायच्या, मिटायच्या. पोरं 'नाही' म्हणायची, मी 'नाही' असं लिहायची. माझे नियम पहिल्यांदाच शंभर टक्के पाळले जात होते आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

अशात पायलचं घर आलं. अल्लीपूरच्या कडेला, कापसाच्या वावराला लागून. पायल सतरा वर्षांची. दहाव्या वर्षापासून तिला साखर, म्हणजे जन्मभराचं इन्सुलिन. दिवाळीच्या सुमारास ती बेशुद्ध पडली होती आणि दवाखान्यातून जेमतेम वाचून परत आली होती. इन्सुलिन पुन्हा सोडलं तर ही पोरगी हाती लागणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलेलं. आईने परवानगी दिली आणि ती कापूस वेचायला गेली. घरात आम्ही तिघीच उरलो.

"इन्सुलिन घेतेस ना रोज?" मी विचारलं.

"घेतो नं."

तिचे ओठ लालसर, एक गाल जरा फुगलेला. कांताताई उठल्या आणि कोपऱ्यातल्या ओल्या मडक्यापाशी गेल्या. आमच्याकडे फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन तिथे ठेवतात. शिशी जशी आणली तशी सीलबंद होती. त्यांनी ती मला दाखवली, परत ठेवली, आणि पायलचं बोट टोचून साखर पाहिली. यंत्रावरचा आकडा भलताच वर होता. मी फोन काढून डॉक्टरसरांना गाडी पाठवायला सांगितलं. पायल म्हणाली, "मी नाई येत."

"काऊन?" कांताताईंनी विचारलं.

"नाई येत म्हनलं नं."

मी कांताताईंकडे पाहिलं. मनात म्हटलं, ताई, सांगा एखादं खोटं, मोठ्यात मोठं सांगा, मी कोणाला बोलणार नाही. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"मी बी नाई घेत," त्या म्हणाल्या.

पर्समधून त्यांनी इन्सुलिनचा पेन काढला. सोबतच्या सुयांचं पाकीट फोडलेलंही नव्हतं. "माही साखर गोळीनं नाई आटोपत. डॉक्टरनं हे लिहून देल्लं. पर्समंधी घेऊन फिरतो. टोचत नाई."

एरवी पाप सांगताना त्या समोरच्याचा चेहरा डोळ्याच्या कोपऱ्यातून तपासायच्या, नेम लागला का ते. आज त्यांनी मान वर केली नाही. मला कळलं की हे खरं आहे. वर्षभर मी या बाईच्या शेजारी बसून एसटीत शेंगा खाल्ल्या होत्या.

"नर्स असून?" पायल म्हणाली.

"नर्स असून. दुसऱ्याले टोचाले हात चालते माहा. घरी गेलं का कुलूप उघडतो, लाइट लावतो. मालक गेले. पोरगा बंगलोरले आहे, थो बिचारा रविवारी फोन करते. टोचलं काय अन् नाई टोचलं काय, पाहाले कोन आहे?"

पायल उठली. बाहेर जाऊन थुंकली, चूळ भरली, परत येऊन कांताताईंच्या समोर खाली बसली.

"माहं उलटं आहे," ती म्हणाली. "सारेच पाहून राह्यले. सुईवाली पोट्टी म्हनते मले. कॉलेजात कोनी डब्यातलं देत नाई, शुगर वाढंन म्हून. खर्रा मात्र देते. खर्रा देतानी कोनी विचारत नाई तुले काय झालं म्हून. तेवढा वेळ मी साऱ्यायसारखी असतो."

माझ्या टॅबवर हे उत्तर लिहायला जागाच नव्हती. मी लिहिलंही नाही. कांताताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडीचा आवाज आला तेव्हा पायल म्हणाली, "मी येतो दवाखान्यात. पन तुमी घेसान का?"

"काय?"

"इंजेक्शन. मी घेईन तं तुमी घेसान का? खोटं नका सांगजा."

"घेईन व बाई," कांताताई म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

पायल काही दिवस दवाखान्यात राहिली आणि घरी आली. तिथल्या डॉक्टरांनी तिला सगळं पहिल्यापासून समजावलं, आमच्या सरांनी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना बसवून डब्यातलं काय चालतं ते सांगितलं. खर्रा पूर्ण सुटला असं मी लिहिणार नाही, तो इतक्या सहज सुटत नसतो. पण कमी झालाय, आणि ज्या दिवशी खाते त्या दिवशी ती स्वतः सांगते. कांताताईंचीही तपासणी झाली. डॉक्टरांनी त्यांना नवा पेन दिला आणि चांगलं सुनावलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. वर्ध्यातली दोन खोल्यांची जागा, ओट्यावर एकच ताट, एकच वाटी. पोळ्या करायच्या आधी त्यांनी फोन भिंतीला टेकवून ठेवला. मी विचारणार तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर पायल, मागे तिची आई भाकरी थापत होती.

"काढा पेन," पायलने हुकूम सोडला. "झाकन काढा. आकडा दाखवा इकडे. जवळ आना, दिसत नाई."

आयुष्यभरात अर्ध्या तालुक्याला टोचलेल्या कांताताईंनी निमूटपणे आकडा दाखवला. दोघींनी एकदमच टोचलं. पायलने नाकही मुरडलं नाही. कांताताई मात्र "माय व!" करून किंचाळल्या आणि तिकडे पायलची आईसुद्धा हसायला लागली.

"झालं. आता अर्ध्या तासानं जेवजा," पायल म्हणाली. "अन् उद्या उशीर नका करजा. मी वाट पाहतो."

फोन बंद झाला. कांताताईंनी सुई काढून डब्यात टाकली, पीठ हाताशी ओढलं, आणि मग तशाच थांबल्या.

"ऐकलं का व?" त्या मला म्हणाल्या. "वाट पाहते म्हने. माही."