सरांवरचं पान

“माणूस गेल्यावर मजकूर शोधत पळायचं नसतं रे! तो हिंडता-फिरता आहे तोवरच लिहून ठेव!”

फार वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत म्हाताऱ्या संपादकांनी दिलेली ही आरोळी सरांच्या कानात अजून ताजी होती. म्हणून पत्रकारिता विभागाचे प्रमुख झाल्यापासून ते दर वर्षी मुलांना मृत्युलेख लिहायला लावत. तोही हयात माणसावर. एका वर्षी कोणीतरी ग्रंथपालांवर लिहिलं आणि नेमकं ते ग्रंथपालांनी वाचलं. तेव्हापासून सरांनी विषय कायमचा ठरवून टाकला. विषय म्हणजे स्वतः सर. मुलं फार मन लावून लिहायची. काही तर जरा जास्तच.

यंदा विभागाला बहर आला होता. मूठभर मुलांचा वर्ग चाळिसांचा झाला, भिंतीवरचं पत्रक जाऊन छापील साप्ताहिक आलं, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीचा स्टुडिओ झाला, दोन बक्षिसं कपाटावर ऐटीत येऊन बसली. वेल मांडवावर चढावी तसं वर्ष चढत गेलं. त्या वेलीला पाणी कोणी घातलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी. पण मॅडम कंत्राटी. करार महिनाअखेर संपणार, आणि कायम पदाचा प्रस्ताव कुलगुरूंच्या टेबलावर झोपलेला. दुसऱ्या विद्यापीठाने त्यांना बोलावलं होतं. वर्षाच्या अहवालाचं प्रकाशन होतं, त्याच संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. पदाचं विचारलं की सर म्हणत, “बघू.” सरांच्या मानाने हा पूर्ण परिच्छेदच.

वर्षभराच्या वाटचालीचा अहवाल मॅडमनीच केला. त्यात सरांवर एक पान हवं होतं. सर म्हणाले, “माझ्याबद्दल काही छापू नका.” छापखानेवाला म्हणाला, “पान कोरं सोडता येत नाही.” शेवटी मॅडमनी वर्गाच्या प्रतिनिधीला हाक मारली. या मुलीला कुजबुजता येत नसे, म्हणून सगळे तिला ‘ठळक’ म्हणत.

“अगं ठळक, सरांवर कोणी बरं लिहिलंय का? असेल तर थेट छापखान्यात पाठव. मला आता श्वास घ्यायला वेळ नाही.”

ठळकने सरांवरचा वर्षातला सर्वांत चांगला मजकूर पाठवला. त्याला दहापैकी सात गुण होते. ते खुद्द सरांनीच दिले होते, कारण त्यात एकच विशेषण होतं.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी अहवाल कुलगुरूंच्या कार्यालयात पोचला. स्वीय सहायकांनी पान उघडलं. ‘सर आज आपल्यात नाहीत. त्यांची खुर्ची आहे, चष्मा आहे, टेबलावर लाल पेन आहे.’ सहायकांचे डोळे भरले. पत्रकारिता विभागाने छापलंय म्हणजे चौकशी करूनच छापलं असणार, असा विचार करून त्यांनी स्वतः चौकशी केली नाही. रीत म्हणून तेवढा सरांच्या नंबरवर फोन लावला.

सर तेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीत होते. दाढेसाठी अर्धा जबडा बधिर केलेला.

“सरांच्या घरचेच ना? आत्ताच कळलं हो!”

“अं… ओ… ई… उं…” सर म्हणाले.

“नका, नका बोलू. सावरा स्वतःला.” फोन बंद झाला. सहायकांनी कुलगुरूंना सांगितलं, “घरच्यांना शब्द फुटत नाहीये साहेब.”

दुपारी कुलगुरू सभागृहात आले ते सरांच्या नावाचं भलंथोरलं पुष्पचक्र घेऊन. मॅडमनी घाईघाईने ते पान उघडलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

“सर, ऐका ना, हा वर्गातला सराव…”

“मला तुमच्या भावना कळतात,” कुलगुरू म्हणाले. “सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहू या.”

आता शांततेत बोलणार कोण आणि कसं? नेमके त्याच वेळी सर आले. मागच्या रांगेत मान खाली घालून तेही उभे राहिले. शेजारी ग्रंथपाल डोळे मिटून उभे होते. सरांनी कोपराने ढोसून हातानेच विचारलं, कोण? ग्रंथपालांनी डोळे न उघडता अहवाल पुढे केला. सरांनी स्वतःचा मृत्युलेख सावकाश वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि एक राहिलेला स्वल्पविराम दिला.

“हा माणूस,” कुलगुरू माइकवर म्हणाले, “वर्षभर माझ्या दारात ठिय्या देऊन बसायचा. स्वतःसाठी नाही. म्हणायचा, विभाग माझ्यामुळे नाही, मॅडममुळे उभा आहे, त्यांना कायम करा. मी टाळत राहिलो. आज त्यांच्या स्मृतीला वंदन करून जाहीर करतो, ते पद मंजूर!”

टाळ्या कडाडल्या. सर हळूच दाराकडे सरकले.

“अय्या, सर!” ठळक ओरडली.

सगळ्या माना वळल्या. ग्रंथपालांनी आता डोळे उघडले आणि लगेच मिटून घेतले.

कुलगुरूंनी चष्मा पुसला. “तुम्ही… आहात?”

“आऐ,” सर म्हणाले.

“मग फोनवर रडत होतं कोण?”

सरांनी सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं. कुलगुरूंनी सहायकांकडे पाहिलं, सहायकांनी छताकडे. मग कुलगुरूंची नजर वर्गाकडे गेली. चाळीसच्या चाळीस मुलं मान मोडून घोषणा टिपून घेत होती, तारखेसकट. कुलगुरूंनी सुस्कारा सोडला. “दिलेला शब्द मागे घेता येतो. पण पत्रकारांसमोर नाही.”

संध्याकाळी रिकाम्या स्टुडिओत मॅडम सरांसमोर उभ्या राहिल्या. हातात फोन, नाकाचा शेंडा लाल.

“वर्षभर माझ्यासाठी खेटे घातलेत, आणि मला नुसतं ‘बघू’?”

“पद मिळेल याची खात्री नव्हती,” सर म्हणाले. जबडा आता मोकळा झाला होता. “खात्री नसलेलं बोलू नये.”

“पदाचं राहू द्या हो. ते दुसरे लोक मला बोलावतात, कारण त्यांना माझं शिकवणं आवडलं. तसं तोंडावर सांगतात. तुम्हाला एवढ्या दिवसांत माझ्या शिकवण्याचीही खात्री झाली नाही?”

सरांनी कॅमेऱ्याची वायर गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

“ती पहिल्याच आठवड्यात झाली,” ते म्हणाले. “तेव्हापासून तुमचा तास असला की मी बाहेरच्या जिन्यावर बसतो. ऐकायला. जाऊ नका, मॅडम.”