बनावट जपानी समशेरीची मोहीम आणि सासऱ्यांच्या घड्याळाची सुटका

सकल शौकीन, संग्राहक आणि जुन्या सामानाच्या दुकानावरून निमूट पुढे जाणे ज्यांस जमत नाही ऐसे थोर पुरुष, यांसी विदित व्हावे की, पुढील हकीकत जैसी घडली तैसीच लिहिली असे. पदरचे काही घातलेले नाही, आणि घातले असल्यास शोभेपुरते. तिसऱ्या मजल्यावरील सदनिका आणि तळमजल्यावरील दवाखाना ऐसा दुहेरी मुलूख राखणारे श्रीमंत दंतवैद्यसाहेब, अक्कलदाढांचे कर्दनकाळ, कवळ्यांचे कर्ते, यांणी जपानी समशेर हस्तगत करण्याचा इरादा धरिला, तो कैसा अंगाशी आला आणि शेवटी फत्ते कैसी जाहली, ते सविस्तर सांगतो.

साहेबांचे मनी अवचित आले की, दिवाणखान्यात सोफ्याचे वर महायुद्धातील जपानी लष्करी अंमलदाराची समशेर टांगावी, म्हणजे आल्यागेल्यावर जरब बसेल. मग ते टायरच्या दुकानामागील जुन्या सामानाच्या सौदागराकडे दाखल जाहले, आणि गिऱ्हाईक कोरे आहे हे सौदागराने उंबरठ्यावरच ताडिले. त्याने पात्यावर अजगराएवढा ड्रॅगन कोरलेली समशेर पुढे ठेविली, आणि तीबद्दल पैका न मागता साहेबांचे घरचे लंबकाचे घड्याळ मागितले, कारण मागे कपाट पोचवावयास आला असता ते त्याचे डोळ्यांत भरले होते. घड्याळ बाईसाहेबांचे कैलासवासी वडिलांचे. बाईसाहेब कचेरीस गेलेल्या. साहेबांनी घड्याळ काढून दिले, आणि समशेर टांगून समोर छाती काढून बसले.

सायंकाळी बाईसाहेब परतल्या, भिंतीवरील फिकट चौकोन पाहिला, आणि फर्मान सुटले की, रविवारी आई येत आहे, तोवर बाबांचे घड्याळ जागेवर हवे, नाहीतर तिला काय सांगायचे ते तुम्हीच सांगा. एवढे बोलून त्यांणी बोलणेच बंद केले. चहा वेळेवर येई, परंतु कप टेबलावर आदळून येई.

साहेब हवालदिल जाहले आणि समशेर बगलेत मारून सौदागराकडे धावले. त्याने साफ सांगितले की, सौदा तो सौदा, समशेर अस्सल आहे, खोटी ठरवून दाखवा आणि घड्याळ उचलून न्या. तेव्हा साहेबांनी संग्राहकांचे म्होरके जे निवृत्त प्राध्यापक, त्यांची कुमक मागितली. प्राध्यापकांनी ड्रॅगन पाहिला, आणि हसू दाबण्यासाठी चष्मा पुसावयास घेतला. मग त्यांणी विद्या दिली, ती ऐसी की, फौजेच्या हत्यारावर असली नक्षी नसते, ती नवशिक्यांसाठी असते. मुठीवरची दोरी ताठ आणि सपाट हवी, दोरीखाली माशाचे खरखरीत कातडे हवे, प्लॅस्टिक नव्हे. परंतु नक्षी, दोरी, कातडे मागाहून बदलले ऐसे कोणीही म्हणेल, म्हणून खरी परीक्षा मुठीच्या आत. खुंटी काढून मूठ उतरवावी आणि पात्याचे झाकलेले शेपूट पाहावे. जुना गंज काळा आणि मुरलेला असतो, कालपरवा लावलेला तांबूस असतो आणि रुमालास लागतो. साहेबांनी हे सर्व ध्यानी धरिले. मात्र गंजाला हात लावू नये, हे सांगावयाचे प्राध्यापक विसरले, कारण तितके कळत नसणारा मनुष्य त्यांणी आजवर पाहिला नव्हता.

दुसरे दिवशी दवाखान्याचे खुर्चीवर समशेर आडवी निजविली, वरचा दिवा लाविला, आणि बाहेर तीन दुखऱ्या दाढा ताटकळत असता साहेबांनी मूठ उतरविली. आत शेपटावर तांबूस खपली दिसली. आता काय सांगावे! उभा जन्म ज्या हाताने लोकांच्या दातांवरचे कीटण काढिले, त्या हातास ती खपली म्हणजे कीटणच वाटले. यंत्र सुरू जाहले, पाणी उडाले, वर पॉलिशही मारिले, आणि शेपूट ऐसे लखलखले की साहेबांनी सवयीने समशेरीस चूळ भरावयास सांगितले.

प्राध्यापकांनी ते पाहून कपाळावर हात मारिला. जो तांबूस गंज खोटेपणाची साक्ष देता, तो साक्षीदार साहेबांनी स्वहस्ते धुऊन काढिला होता. सौदागर तर खूश जाहला.

"ऐंशी वर्षांचा गंज तुम्हीच खरवडलात, डॉक्टर. आता मी काय बोलणार?"

ऐसी शिकस्त खाऊन साहेब परतले, आणि त्या दिवशी कोणाचाही दात उपटण्याचा त्यांस धीर जाहला नाही.

रविवार उजाडला. बाईसाहेब स्टेशनावर आईस आणावयास निघाल्या. साहेबांनी समशेर बगलेत मारिली, दात तपासताना तोंडात घालावयाचा छोटा आरसा खिशात टाकिला, प्राध्यापकांस संगती घेतले, आणि सौदागराचे दुकानावर अखेरचा मोर्चा लाविला. प्रथम त्यांणी हार पत्करल्यासारखे तोंड करून विचारिले की, जोडीला आणिक एखादी समशेर मिळेल काय. सौदागरास हर्ष मावेना. त्याने माळ्यावरून दुसरी काढून दिली. साहेबांनी मुठीजवळच्या पितळी चकत्या शेजारी शेजारी धरून आरसा फिरविला. पहिलीवर कोरलेल्या फुलाची एक पाकळी टवका उडालेली. दुसरीवरही तीच पाकळी, तोच टवका, आणि बाजूस तोच बारीक खड्डा.

"दोन माणसांचा एकच दात इतकाच आणि असाच तुटलेला मी जन्मात पाहिला नाही," साहेब म्हणाले. "दोन्ही एकाच साच्यातून ओतल्यात. टवका साच्यातच आहे."

दुकानातील एक गिऱ्हाईक तिसरी समशेर हाती घेऊन उभे होते, त्याने ती गुपचूप खाली ठेविली. ते पाहून सौदागराचा धीर खचला. त्याने आतून घड्याळ आणून स्वाधीन केले आणि हात जोडिले. साहेबांनी समशेर तेथेच टाकिली आणि रिक्षाने कूच केले.

घड्याळ भिंतीवर चढले, आणि मायलेकी दारात आल्या तोच त्याने अकराचे अकरा ठोके दिले. बाईसाहेबांचा चेहरा उतरला. विकावयाचे म्हणून सौदागराने घड्याळ घासूनपुसून, तेल घालून, दुरुस्त करून नव्यासारखे केले होते.

"हे बाबांचं नाही," त्या म्हणाल्या. "बाबांचं कायम एक ठोका कमी द्यायचं. खोटी तलवार आणलीत, आता खोटं घड्याळ."

साहेबांचे पायांखालची जमीन सरकली. खोटे ते खोटे म्हणून दाखविण्याची विद्या ते शिकले होते, खरे ते खरे म्हणून कैसे दाखवावे हे कोणी शिकविले नव्हते. त्यांचे बाईसाहेबांवर फार प्रेम होते, आणि तो आदळलेला कप त्यांस आता सोसवत नव्हता. मग त्यांणी घड्याळ उतरविले आणि आरसा घेऊन त्याची चारी अंगे धुंडाळू लागले. तो खालच्या कडेस, पॉलिशाच्या आड, लाकडात दोन खुणा दिसल्या. एक सरळ, एक जरा वळलेली.

"जरा आ कर," साहेब म्हणाले.

बाईसाहेब आईदेखत आ करावयास राजी होईनात. तेव्हा सासूबाईंनी वाकून कडा पाहिली.

"अगं, हे तूच चावली होतीस. सहलीला पाठवलं नाही म्हणून. चांगली आठ वर्षांची घोडी होतीस."

"हा वळलेला दात मी लग्नापासून बघतोय," साहेब म्हणाले. "एवढ्या लोकांचे सरळ केले, हा एक करावासा वाटला नाही."

बाईसाहेब हसल्या, आणि तो दात उभय पक्षांस स्पष्ट दिसला. मग डोळे पुसून त्यांणी दुसरे फर्मान काढिले की, घड्याळ आपलेच आहे हे मान्य, परंतु हे ऐसे बरोबर वाजणे चालणार नाही, बाबांचे होते तैसे करून द्यावे. साहेबांनी बाह्या सारिल्या, दात टोकरावयाची सळई आत घातली, आणि घड्याळ कधी पाच, कधी नऊ, ऐसे भलभलते ठोके देत राहिले. सासूबाईंनी कानांत बोटे घातली, पण खुर्ची सोडिली नाही.

अखेर दोन्ही काटे बारावर आले. तिघेही भिंतीकडे पाहात उभी राहिली. घड्याळाने अकरा ठोके दिले आणि थांबले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.