झोलेगा घाटी निळ्या टोपांची फौज आणि साबुकंदाची फत्ते

विदित व्हावे की, मध्य आफ्रिकेचे मुलखी झोलेगा गावचे नदीघाटी जो घोर प्रसंग गुदरला, तो यथास्थित कलमबंद केला असे.

मुलखी दोन साले बंडाळी माजली, आणि दूर देशी विश्वसभा सकळ राष्ट्रांचे वकील जमवून खलबतास बसली, आणि फौज पाठवावी की फौज पाठविण्याचा विचार पाठवावा, याचा खल नऊ महिने जाहला, मग शांतिफौजेचे फर्मान सुटले, आणि निळे टोप, शुभ्र गाड्या व बाटलीबंद पाणी ऐसा लवाजमा घाटी तळ देता जाहला.

त्या भरवशावर याबादाबाई, पाच लेकरांची विधवा माउली, इणे आपला सारा साबुकंद, म्हणजे साबुदाण्याचा कंद, पैलतीरीचे उथळ पाण्यात भिजत घातला. कारण तीन दिवस भिजल्यावाचून त्याचे विष उतरत नाही, आणि चौथे दिवशी न काढिला तर कुजतो. तो दुसरेच दिवशी बंडखोर सरदार फोर्तुने याने पैलतीरी बांबू आडवा टाकून नाकेबंदी केली.

चौथा दिवस उगवला. बाई फौजेचे मुखत्यारांपुढे उभी राहिली. मुखत्यारांनी फर्मान त्रिवार वाचून आज्ञा केली ऐसीजे, फौजेस रस्त्यांवर गस्तीची मुभा आहे, नदीचा उल्लेख नाही. सबब विश्वसभेस पुसावे, जबाब सहा आठवड्यांत येईल.

"सहा आठवडे? तोवर पोरांना काय तुमचं फर्मान उकडून घालू?" ऐसे बोलून बाई होडीत बसली. फौजेने तत्काळ दुर्बिणी सरसावल्या, कारण पाहण्याची मुभा होती.

पैलतीरी सरदाराने बंदूक रोखली. "कोण आहे? थांब तिथंच!"

"मी आहे, मेल्या! तुझ्या आईचं बाळंतपण केलं, ती! पायाळू आलास, तेव्हापासून उलटाच. खाली कर ती नळी. जेवलास कधी?"

सरदाराने नळी खाली केली. "परवा, मावशी."

"मग टोपली धर. हे कुजलं तर तूही उपाशीच."

मग सरदार बंदूक पाठीस बांधून गुडघाभर पाण्यात उतरला, आणि कंद होडीत चढले, आणि होडी जड जाहली म्हणून नाकेबंदीचा बांबू उपसून त्याचेच वल्हे केले.

मुखत्यारांनी विश्वसभेस लिहिले की, फौजेच्या प्रखर अवलोकनाने नाकेबंदी उठली. सभा संतोष पावली, फौजेस सालाची मुदतवाढ दिली, नदीचे कलम पुढील बैठकीवर ठेविले.

येणेप्रमाणे झोलेगाची फत्ते निळ्या टोपांचे नावे दप्तरी दाखल असे. कंद पाण्यातून काढिल्यापासून तिसरे दिवशी तो वाळवून, कुटून, रांधून जाहला, तेव्हा याबादाबाईचे परातीभोवती पाच लेकरे सरकून बसली, आणि सरदार फोर्तुने बंदूक दाराबाहेर ठेवून सहावे जागी बसला.