अकराव्या मिनिटाला वीज

"अकरा मिनिटं," ओडेल प्रॅदर भेटेल त्याला सांगायचा. "फोन आला की अकराव्या मिनिटाला माझं यंत्र वीज सोडतं. तेवढ्यात तुमची कॉफीसुद्धा होत नाही."

टेक्ससच्या उत्तर टोकाला, जिथे गाईंनाही सावली सापडत नाही, तिथे त्याचं राखीव वीजकेंद्र उभं होतं. उभं म्हणजे नुसतंच उभं. भर उन्हाळ्यात अख्खं राज्य एकदम एसी लावतं, त्या चार दिवसांसाठी पोसलेला पैलवान. बाकी वर्षभर ओडेल त्याला पुसायचा, तेलपाणी करायचा, खालचे साप हाकलायचा. कंपनीला नुसतं तयार राहण्याचेच पैसे मिळत. यंत्र चालतं की नाही याच्याशी डॅलसच्या साहेबलोकांना काडीचं देणंघेणं नव्हतं. ओडेलला होतं. त्याची बायको लव्हॉन ऑक्सिजनच्या मशीनवर होती, आणि ते मशीन घरच्या विजेवर चालायचं. मी तिथे आहे तोवर ते बंद पडणार नाही, असा शब्द त्याने तिला दिला होता.

ऑगस्टमधल्या एका रणरणत्या दुपारी चार वाजता फोन आला. वीज कमी पडतेय, सुरू करा, असं ग्रिडच्या कंट्रोल रूममधल्या बाईने सांगितलं. ओडेलची छाती टम्म फुगली. त्याने बटण दाबलं. एवढ्या थोरल्या यंत्रालाही सुरुवातीला बाहेरची वीज लागते, म्हाताऱ्या ट्रकला धक्का मारणारी चार माणसं लागतात तशी. मोटर घुरघुरली, टर्बाइन हललं, आणि चौथ्या मिनिटाला मोटर, दिवे, पंखा, सगळ्यांनीच मान टाकली.

त्याने डॅलसला ट्रेंट साहेबाला फोन लावला.

"आपली वीज कुणीतरी तोडली."

"तोडणारच," ट्रेंट निवांत म्हणाला. "टंचाईच्या वेळी मोठ्या गिऱ्हाइकांनी वीज बंद ठेवली की बक्षीस मिळतं. मार्चमध्येच मी आपल्या सगळ्या जागा त्यात घातल्या. आपोआप तुटते. झकास योजना आहे."

"अरे बाबा, हे वीजकेंद्र आहे."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"फॉर्मवर तसा रकाना नव्हता," ट्रेंट म्हणाला.

मग ओडेल कंट्रोल रूमच्या बाईच्या हातापाया पडला. तिचाही नाइलाज होता. जोडायला शिल्लक वीज नाही, तुम्ही सुरू झालात की लगेच जोडते, असं तिने अगदी मनापासून सांगितलं.

साडेचारला गावाची वीज गेली. गाव अंधारलं नाही, कारण ऊन होतं. गाव नुसतं भाजलं. ओडेल पिकअप घेऊन घरी धावला. लव्हॉन अंगणातल्या खुर्चीत, मांडीवर जादा सिलिंडर घेऊन, काटा बघत बसली होती. काटा लालला टेकला आणि वीज आली. तिसऱ्याच कुठल्यातरी केंद्राची.

महिन्याभरात दोन पाकिटं आली. एकात, ऐन वेळी केंद्र सुरू न केल्याबद्दल ओडेलला ताकीद. दुसऱ्यात, त्याच दुपारी जिल्ह्यात सर्वांत पक्की वीजबंदी पाळल्याबद्दल मनःपूर्वक आभार, सोबत भेट म्हणून एक टॉर्च. दोन्हींवर सही ट्रेंटची, आणि हुद्दा एक पायरी वरचा.

"ठेव जवळ," लव्हॉन म्हणाली. "तुझ्या अकरा मिनिटांपेक्षा हिचा भरवसा बरा."

तिने बटण दाबलं. आत सेल नव्हते.