सोमाजीभाऊंची पट्टी

चहा समोर आला की सोमाजीभाऊ आधी त्यात कागदाची पट्टी बुडवत. देणारी बाई ताटकळत उभी राही. पट्टीचा रंग निरखून ते म्हणत, "ॲसिड आहे, पण पिण्यालायक आहे."

आमचे हे शेजारी शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्तीनंतर जास्वंदाचा रस कागदाला लावून घरीच पट्ट्या करत. आम्लात गुलाबी, अल्कलीत हिरवी. माणसंही त्यांनी अशीच वाटून टाकली होती. "तुहे बाबा लिंबू, आई साबण. दोघं मिळून मीठ न् पाणी, म्हणून घर चालून राह्यलं." मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत मान खाली घालणारी. मला म्हणत, "तू सात. ना आम्ल, ना अल्कली. इकडं नाई, तिकडं नाई."

त्यांना एकच मान होता. गावच्या तळ्यात मासोळीचं बीज सोडण्याआधी मासेमारी करणारी मंडळी त्यांना बोलावत. ते पट्टी बुडवून पाहत आणि पाणी आम्ल निघालं तर त्यात चुना किती टाकायचा ते सांगत.

मागच्या वर्षी मी कॉलेजातून पीएच मीटर घेऊन आले. त्यांची पट्टी गुलाबी झाली. माझ्या मीटरवर साडेआठ, म्हणजे अल्कली.

"चुना नको," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "पट्टीचा काय भरवसा?"

"भाऊ, फुलं आता देवालेच वाहा," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सोमाजीभाऊ पट्टी खिशात घालून निघून गेले.

बीज छान वाढलं. यंदा पाणी तपासायला या म्हणून निरोप मलाच आला, त्यांना नाही. पण तोवर मला कळलं होतं की मीटर आधी बफरच्या, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात बुडवून जुळवावा लागतो, नाहीतर आकडा चुकतो. मी तो जुळवलाच नव्हता. मी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं.

"मालूम आहे मले," ते पट्ट्या कापत म्हणाले.

"मग बीज जगलं कसं?"

"बीज सोडाच्या आधी मीच चुना टाकून आलो. सायकलच्या चार चकरा झाल्या."

"तेव्हाच बोलला का नाहीत, भाऊ?"

"तू पह्यल्यांदाच चार लोकांत बोलून राह्यली होती. कसा टोकू?"

"तळ्यावर चला. मी सगळ्यांना खरं सांगते."

"राहू दे. लोकं तुह्या शब्दाले मानून राह्यले."

मी आग्रह करायला हवा होता. केला नाही.

निघताना दाराआड चुन्याची दोन पोती दिसली. सायकलही पुसून ठेवलेली होती.